आधी बेवडाचं बोला

गिरणीवाला दळण नको म्हणतो, असं तुम्ही कुठं ऐकलंय? आमच्या सिद्राम आप्पांच्या गिरणीत हे रोज घडतं. तुम्ही डबा पुढं करायचा. आप्पा त्यातले दहा-बारा दाणे उचलणार, तोंडात टाकणार, डोळे मिटणार आणि डाव्या दाढेनं चावत बसणार. गिरणी बंद. रांगेतल्या बायका गप्प. दोन-तीन मिनिटांनी दाण्यांचं चिकट रबर झालं की ते बोटांत ओढून बघणार, आणि मग निकाल. "मक्यावरचा गहू हाय. युरिया एका दमात ओतलाय. इल्ल. दळणार न्हाय."

आप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. बोलणं सोलापुरी, पण नकार द्यायचा झाला की कन्नडमधून देतात. इल्ल म्हणजे नाही. त्याच्यापुढं अपील चालत नाही.

आमची ओळखही त्या इल्लनंच झाली. सात रस्त्याजवळ माझं पोळीभाजी केंद्र आहे. दहा वर्षांपूर्वी मी ह्या भागात आले आणि पहिल्याच आठवड्यात आप्पांनी माझा गहू परत केला. मी तशी फटकळ बाई. म्हटलं, "आप्पा, तुम्हाला दळायला दिलाय, स्थळ बघायला नाही."

"ताई, ह्याची पोळी दुपारपतूर वातड होतीय. गिऱ्हाईक तुमाला बोलंल, मला न्हाय. न्या तिकडं."

मी तणतणत दुसऱ्या गिरणीत दळून आणलं. दुपारी एक गिऱ्हाईक दोन्ही हातांनी पोळी ओढत मला म्हणालं, "मावशी, कात्री आहे का?" दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं आप्पांच्या दारात उभी.

आप्पांच्या तोंडी एक शब्द कायम असतो. बेवड. शेतकऱ्याला समजावायला नको, पण आपल्यासारख्या शहरातल्या माणसांसाठी सांगते. रानात आधी जे पीक होतं, ते मातीत मागं जे काही ठेवून जातं, बरं किंवा वाईट, तो पुढच्या पिकाचा बेवड. उडीद, मूग, हरभरा जाताना रानाला देऊन जातात. मका आणि ऊस घेऊन जातात. आणि ह्या शब्दाचा बेवड्याशी, म्हणजे दारुड्याशी, काडीचा संबंध नाही. हे मी आत्ताच ठासून सांगते, कारण त्या एका कान्यापायी पुढं फार महाभारत झालं.

तर आप्पांना गव्हाचाच नव्हे, सगळ्या जगाचा बेवड लागतो. गल्लीत नवा डॉक्टर आला, आप्पांनी ताप दाखवायच्या आधी विचारलं, "हितं तुमच्या आधी कोण बसायचं?" शेजारच्या खोलीत नवीन भाडेकरू आले, आप्पा चहा घेऊन गेले आणि भिंतीला हात लावून म्हणाले, "काळजी करू नका. आधीचं जोडपं भांडत न्हवतं. बेवड चांगला हाय." त्या नव्या नवरा-बायकोला हा आशीर्वाद आहे की धमकी, तेच कळेना.

शेतकरी दळणाला आला की त्याची तर शाळाच. एकदा एक तरणा गडी चांगला फुगून आला. "आप्पा, औंदा चार पोती जास्त निघाली!"

आप्पांनी दाणा दातानं तोडला आणि आतली बाजू त्याच्या नाकापुढं धरली. "हे बघ. दाणा कसा काचंवानी तुटाय पायजे. ह्याचं पोट पांढरं. सगळा युरिया पैल्या पाण्याला दिलास न्हवं?"

"व्हय."

"ते पानानं खाल्लं. ओंबी पोटात हुती तवा काय दिलंस?"

"काय न्हाय."

"मग दाण्यानं काय खावं? पोती निघाली रं, पोळी न्हाय निघाली."

पोती आणि पोळी ही त्यांची आवडती जोडी. आधीचं खत पोती वाढवतं, वेळेवर दिलेलं शेवटचं खत पोळी सुधारतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. विचारणारा मीठ आणायला निघालेला असला तरी.

हे ज्ञान नुसतं तोंडाचं नाही हां. अक्कलकोट रस्त्याला त्यांचं चाळीस गुंठे रान आहे. त्यात शेजारी शेजारी पट्टे. एकात पावसाळ्यात उडीद आणि मग गहू. दुसऱ्यात मका आणि मग गहू. मक्याच्या पट्ट्याचे पुन्हा दोन भाग. एकाला सगळं खत सुरुवातीलाच, दुसऱ्याला शेणखत आणि वर युरिया तीन वेळा, थोडा थोडा. मी एकदा म्हटलं, "आप्पा, उडदाचं चांगलं येतं हे माहितीये, तर सगळीकडं उडीदच लावा की. मुद्दाम वाईट गहू पिकवणारा तुमच्यासारखा दुसरा शेतकरी दाखवा मला."

"वाईट काय ते ठावं नसंल, तर चांगलं कशाला म्हणायचं ताई?"



त्यांची ती डावी दाढ दोन वर्षं ठणकतेय. दातांचा डॉक्टर काढायची म्हणतो. आप्पा गाल धरून हिंडतात, लवंगा चघळतात, पण काढू देत नाहीत. "दाढ न्हाय ती," म्हणतात, "मशीन हाय."

घरात आप्पा आणि त्यांची मुलगी मेघा, दोघंच. शांतावहिनी पाच वर्षांपूर्वी गेल्या. मेघा एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. हसरी, सरळ, कुणाला उलट बोलायची नाही आणि कुणाशी खोटं बोलायची नाही. अख्खी गल्ली म्हणायची, आप्पांनी पोरगी छान वाढवली. असं कुणी म्हटलं की आप्पा गडबडीनं दळणाकडे वळायचे.

गिरणीतलीही एक गोष्ट मला विचित्र वाटायची. तिथं सगळ्यावर पिठाचा थर आहे. तराजूवर, देवांच्या तसबिरींवर, आप्पांच्या भुवयांवर. फक्त एका फोटोची काच लखलखीत. जाड मिशांचा, हसऱ्या चेहऱ्याचा एक तरुण माणूस. गिरणी सुरू करायच्या आधी आप्पा रोज खांद्यावरच्या टॉवेलनं ती काच पुसायचे. मी आपली समजत होते, थोरला भाऊ असेल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर खानदानाचा बेवड ऐकावा लागला असता.

गेल्या वर्षी मेघाचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा निखिल देशमाने, तिच्याच दवाखान्यातला. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. आता फक्त त्याच्या आईवडिलांनी येऊन रीतसर होय म्हणायचं होतं. घरात बाईमाणूस नाही म्हणून पोह्यांचं माझ्याकडे आलं. मी आप्पांना आदल्या दिवशीच बजावलं, "उद्या तोंड आवरा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"माझ्या ध्यानात हाय की," आप्पा म्हणाले.

देशमाने म्हणजे सरकारी नोकरीतनं निवृत्त झालेले शांत गृहस्थ. त्यांची करमाळ्याकडं थोडी जमीन आहे, पण ती वाट्यानं दिलेली. हे कधी बांधावर गेलेले नाहीत. तरी आपल्या शेतातलं काही न्यावं म्हणून त्यांनी हौसेनं गव्हाची एक गोणी आणली आणि बैठकीत ठेवली. तिथंच घात झाला.

आप्पांनी गोणी बघितली आणि पोरगी, पाहुणे, पोहे सगळं विसरले. दाणे तोंडात. डोळे मिटले. तीन मिनिटं बैठकीत नुसता कचकच आवाज. देशमानेबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी.

आप्पांनी डोळे उघडले. "बाकीचं ऱ्हाऊ द्या. आधी बेवडाचं बोला."

"कशाचं?" देशमानेबाई दचकल्या.

"बेवडाचं वो! मला तर वाईट दिसतोय. लपवू नका. पुढच्या दोन खेपांपतूर उतरतंय ते."

देशमान्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगाय कशाला पायजे? वळखू येतंय की. पार दमवून सोडलंय त्यानं."

देशमाने ताडकन उठले. "आमचे वडील शेवटची दहा वर्षं थेंबाला शिवले नव्हते!"

मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडेल. कसला उजेड! थेंब म्हटल्यावर आप्पांना दिसलं ठिबक. ते कळवळून म्हणाले, "तितंच चुकलं बघा त्यांचं! थेंब थेंब दिलं आस्तं तर एवढं वाटोळं झालं नसतं. त्यांनी मोकळं पाजलं आसंल, पाटानं!"

पाहुणे पोह्यांना हात न लावता गेले. निखिल दारातून वळून वळून बघत होता, पण आईनं त्याचा दंड धरला होता. संध्याकाळी निरोप आला. हे लग्न होणार नाही.

मेघा गिरणीत जाऊन बसली आणि पट्टा चालू केला, दळण नसताना. आवाजात रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आप्पांना मात्र अजून कळेना, झालं काय. शेवटी मीच त्यांना एक काना कसा नडला ते फोडून सांगितलं.

"म्हंजे पोरीचं लगीन मी मोडलं," म्हणाले. "माझ्या तोंडानं."

दोन दिवस गिरणी बंद होती. मी रागावलेली होते, खरं सांगते, त्यांना चार शब्द सुनवायचं ठरवलं होतं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे तेच माझ्या दारात आले. हातात पिठाच्या तीन पिशव्या, त्यांच्याच रानातल्या पट्ट्यांच्या गव्हाच्या.

"ताई, पोळ्या करा. तिन्ही पिठांच्या न्याऱ्या न्याऱ्या. आन् संध्याकाळी माझ्यासंगट देशमान्यांकडं चला."

"शब्दाचा अर्थ फोनवर सांगू की हो."

"शब्दानंच मोडलंय. आता शब्द नगो."

संध्याकाळी पाचला आम्ही देशमान्यांच्या घरी. त्यांनी दार उघडलं ते मला बघून, एरवी उघडलं नसतं. आप्पांनी डब्यातून दोन पोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "खावा म्हणत न्हाय. नुसतं हात लावून बघा."

देशमानेबाईंनी अनिच्छेनं हात लावला. एक पोळी सकाळची असून अजून मऊसूत, घडी घातली तरी तुटत नव्हती. दुसरी पुठ्ठा.

"दोन्ही सकाळी सातला लाटल्यात," आप्पा म्हणाले. "बी एक. पाणी एक. लाटणाऱ्या ताई ह्याच. ही मऊ हाय ती उडदावरच्या गव्हाची. ही वातड मक्यावरची. आधीचं पीक मागं ठेवून जातंय, त्याला आमी बेवड म्हणतो. मी तुमच्या गव्हाचा बेवड इचारत हुतो. तुमच्या वडलांचं मला काय बी ठावं न्हवतं. देवाशपथ."

देशमानेबाईंनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पोळीकडं, आणि एकदम हसत सुटल्या. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी. देशमानेही हसले. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. चहा आला. आणि चहा देता देता बाई सहज गमतीत म्हणाल्या, "मग आप्पा, तुमच्या मेघाचा बेवड काय, तोही सांगून टाका!"

आप्पांनी कप खाली ठेवला.

"तेच सांगाय आलोय," ते म्हणाले. "पोरीचा बाप मी... इल्ल."

दहा वर्षं ह्या माणसाच्या गिरणीत येतेय मी!

"तिचा बाप उमाकांत. माझा मैतर. गिरणी त्याचीच. मेघा तीन वर्षांची हुती, तवा तो तापानं गेला. त्याच्या बायकोचं, शांताचं, दुसरं कोणच न्हवतं. आमी लगीन केलं. निखिलरावांना मेघानं सांगितलंय, तुमच्यापतूर आलं नसंल. उमा लई सरळ माणूस. पोरीला गोष्टी सांगायचा. खोटं बोलायचं न्हाय म्हणून त्यानंच शिकवलं. माझ्या हातात आली ती तयार रान म्हणून. मी नुसतं वरनं पाणी सोडलं. लोक म्हणत्यात आप्पाची पोरगी गुणाची. मला लाज वाटती की वो. पीक माझ्या दारात दिसतंय, बेवड त्याचा हाय."

आता जमत आलेलं पुन्हा मोडतंय, असं मला वाटलं. मनात म्हटलं, अहो आप्पा, कशाला बोललात? कुणी विचारलं होतं? पण देशमाने खाली बघत म्हणाले, "शेवटची दहा वर्षं म्हणालो ना मी, ते खरं नाही. वडील शेवटपर्यंत प्यायचे. आईचे फार हाल केले. मग तुमच्या हिशेबानं आमच्या निखिलचं काय धरायचं?"

आप्पांनी डब्यात हात घातला आणि तिसरी पोळी काढली. सकाळपासून मी विचारत होते, ही तिसरी कशाला? सांगायला तयार नव्हते.

"मोडून बघा."

देशमान्यांनी पोळी दुमडली. मोडली नाही. उडदाच्या पोळीइतकी नसेल, पण मऊ होती.

"ही बी मक्यावरचीच," आप्पा म्हणाले. "रान दमलेलंच हुतं. पर शेणखत घातलं, युरिया तीन येळा दिला, शेवटचा अगदी येळंवर. मेहनत जास्त पडली एवढंच. निखिलराव बघा की. तुमी पोराला येळंवर दिलंय सगळं. दिसतंय ते."

देशमान्यांनी ती पोळी कोरडीच खाल्ली, आमच्या देखत, सगळी. मग बायकोला म्हणाले, "मेघाच्या मापाची साडी घेऊ उद्या." साडीला माप नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

लग्न थाटात झालं. आप्पांनी गिरणीतल्या उमाकांतच्या फोटोला हार घालून तो मांडवात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला आणि स्वतः शेवटपर्यंत पंगतीत पोळ्या वाढत फिरले. पाठवणीच्या वेळी मेघा माझ्या गळ्यात पडली. मी डोळे पुसत म्हटलं, "बाबांचे गुण घेऊन चाललीस पोरी."

तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "काकू, खरं सांगू? मला बाबांचं काहीच आठवत नाही. तीन वर्षांची तर होते. गोष्टी आप्पाच सांगायचे, गिरणी बंद केली की, तसेच पिठानं माखलेले. गोष्ट संपली की म्हणायचे, ही तुझ्या बाबानं सांगितलेली. खोटं बोलायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं. तेवढं एकच खोटं ते स्वतः बोलतात. पण त्यांना सांगू नका हां. असू दे."

गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी मी गिरणीत गेले. आप्पा घरात एकटे, जेवतात की नाही कोण जाणे, म्हणून मी मुद्दाम मक्यावरचा गहू मिळवला होता. ज्यानं दिला तोच म्हणाला होता, मावशी, आप्पा हा परत पाठवतील. म्हटलं, तेच पाहिजे. जरा इल्ल म्हणून ओरडतील, तेवढंच बरं वाटेल त्यांना.

आप्पांनी दाणे उचलले, पण मुठीतच धरले. "ताई, गाडीत बसताना पोरगी तुमच्या कानात काय बोलली वो?"

माझ्या पोटात काही ठरत नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "बापानं शिकवलंय तशीच वागेन म्हणाली."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सकाळी पुसलेली काच पुन्हा पुसली. "आयकलंस न्हवं उमा?" फोटोला म्हणाले. "नाव काढलं पोरीनं तुझं."

मग दाणे तोंडात टाकून ते डोळे मिटून चावत उभे राहिले. नेहमीपेक्षा फार वेळ. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या पिठात त्याचा ओघळ उमटला. मी दुसरीकडं बघत राहिले.

"उडदावरचा हाय," शेवटी आप्पा म्हणाले. "लई चांगला बेवड. दळतो."

दहा वर्षांत आप्पा पहिल्यांदा चुकले. "हो आप्पा, उडदावरचाच," मी म्हटलं.

दुपारी गिऱ्हाइकांनी कात्री मागितली. मी दिली.